मदत हवी आहे: खोगीर-लगामासाठी घरगुती साबण आणि कंडिशनर, पावसाळ्यात चामड्यावर पांढरं येतंय

मुठेकाठ:
नमस्कार मंडळी. घोड्याच्या सामानासाठी साबण आणि कंडिशनर दोन्ही घरी करतोय. अडचणी चार आहेत, पण आधी सामानाची माहिती देतो.

सामान इंग्लिश पद्धतीचं, कानपुरी बनावटीचं, झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचं. खोगीर, दोन लगाम, रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे आणि चामडी तंग (घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा). बक्कलं पितळी. ठेवायची खोली बावधनच्या बाजूला, एकच खिडकी. पाणी बोअरचं.

साबण: ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, खोबरेल १५०, एरंडेल ५०, कास्टिक सोडा ७०, पाणी १५०. घट्ट होत आल्यावर ग्लिसरीन ४० ग्रॅम. सहा आठवडे मुरवून मगच वापरतो.

कंडिशनर: खोबरेल १०० ग्रॅम, मधमाशीचं मेण ३०, ग्लिसरीन २०. सगळं एकत्र वितळवून डबीत.

अडचणी अशा. पाऊस सुरू झाल्यापासून पट्ट्यांवर पांढरट थर येतो, पुसला की दोन दिवसांत परत. धुतल्यावर लगाम ताठ होतात. बक्कलांभोवती हिरवट मेणचट काहीतरी साचतं. आणि चौथं म्हणजे चामड्याला लावायचं नीट्सफूट तेल गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात, ते आम्हाला वापरायचं नाही. त्याऐवजी काय घ्यावं?

साबणवडी:
साबणापुरतं सांगते. सोड्याचा हिशोब बरोबर आहे. तुमच्या तेलांना पूर्ण साबण व्हायला साधारण ७४ ग्रॅम सोडा लागतो, तुम्ही ७० घालता, म्हणजे साडेपाच टक्के तेल मोकळं राहतं. अंगाच्या साबणाला एवढं चालतं. चामड्यासाठी मी आठ टक्के ठेवीन.

खरी गडबड खोबरेलात आहे. ३० टक्के खोबरेलाचा साबण फेस भरपूर देतो आणि चरबी फार जोरात ओढतो. चामड्याच्या तंतूंमध्ये कमावताना मुरवलेलं तेल असतं, ते असा साबण काढून घेतो. म्हणून लगाम ताठ होतात. हे करून बघा:

ऑलिव्ह ४००, खोबरेल ५०, एरंडेल ५०, कास्टिक ६४ ग्रॅम, पाणी १३० ग्रॅम. ग्लिसरीन वरून अजिबात नको. साबण होताना ते आपसूक तयार होतं आणि वडीतच राहतं. वरून ४० ग्रॅम घातलंत की पावसाळी हवेत वडीला घाम फुटतो आणि तोच ओलावा चामड्यावर जातो.

फेस कमी येईल. तो यायलाही नको, फेस म्हणजे जास्तीचं पाणी.

सोडा मोजायचा काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक हवा. सोड्याच्या पापड्या हवेतलं पाणी ओढतात, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातला सोडा वजनाला ६४ भरला तरी ताकदीला कमी असतो. झाकण घट्ट हवं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियम किंवा हिंडालियमचं पातेलं चुकूनही नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. धुण्याचा सोडा ही वेगळी वस्तू आहे, त्याने साबण होणार नाही.

आणि बोअरचं पाणी बदला. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून न विरघळणारी चिकट साय करतो. तुमच्या पांढऱ्या थरातला काही भाग तोच असणार. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी किंवा गाळून ठेवलेलं पावसाचं पाणी वापरा. साबण करायलाही तेच घ्या.

रिकीब:
पांढऱ्याचं आधी निदान करा, औषध नंतर. तीन गोष्टी तशा दिसू शकतात: साबणाची साय, गोठलेली चरबी आणि बुरशी.

हेअर ड्रायर मंद ठेवून एका पट्ट्यावर वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवा. थर वितळून चामड्यात नाहीसा झाला तर चरबी. तसाच राहिला, कापसासारखा उभा दिसला, ठिपक्या-ठिपक्यांनी वाढलेला असला आणि कुबट वास आला तर बुरशी. दोन्ही नसून कोरडी पावडर असेल तर साय किंवा घामातलं मीठ. ते ओल्या फडक्याने निघतं.

तुमच्याकडे चरबी असणार असा माझा अंदाज. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्यात पावसाळी रात्री पारा त्याच्या खाली उतरतो, म्हणजे दिवसा आत शिरलेलं खोबरेल रात्री पृष्ठभागावर येऊन पांढरं होतं. थंडीत तर विचारायलाच नको. कंडिशनरमधून खोबरेल पूर्ण काढा.

ग्लिसरीनही काढा. ते तेलात आणि मेणात विरघळत नाही. गरम असताना ढवळल्यामुळे मिसळल्यासारखं वाटतं, गार होताना बारीक थेंब होऊन तळाशी बसतं. मग डबीचा वरचा भाग कोरडा आणि खालचा चिकट. तो चिकट भाग ज्या पट्ट्याला लागतो तिथे ओल धरते आणि बुरशीला जागा मिळते.

मुठेकाठ:
ड्रायर फिरवून पाहिला. लगाम आणि रिकिबीच्या पट्ट्यांवरचं वितळून गेलं. खोगीराच्या पोटाकडच्या बाजूला, तंगाचे पट्टे जिथून निघतात तिथलं मात्र राहिलं, वासही आहे. म्हणजे दोन्ही आहे. कंडिशनरचं नवं प्रमाण मिळेल का?

रिकीब:
देतो.

मधमाशीचं मेण ४० ग्रॅम, एरंडेल ६०, गोड बदाम तेल ४०, लॅनोलिन २०. लॅनोलिन ही मेंढीच्या लोकरीतली चरबी, लोकर धुताना निघते, त्यामुळे तुमची नीट्सफूटची अडचण इथे येत नाही. एरंडेल घेण्याचं कारण म्हणजे ते वाळून कडक होत नाही आणि खवट व्हायलाही वेळ घेतं. चर्मोद्योगात सल्फेट केलेलं एरंडेल चामड्यात मुरवतात, म्हणजे चामड्याला ते परकं नाही.

जवसाचं तेल कधीही नको. ते हवेने वाळतं आणि चामडं आतून तडकतं. करडई, सूर्यफूल थोड्या कमी प्रमाणात तेच करतात. पेट्रोलियम जेली या मिश्रणात घालू नका, एरंडेल खनिज तेलाशी नीट मिसळत नाही, थर वेगळे होतात.

कृती: पाण्याच्या पातेल्यात स्टीलचं भांडं ठेवून मेण आणि लॅनोलिन वितळवा. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, थेट आचेवर ठेवाल तर करपेल. मग दोन्ही तेलं घाला. गार तेलाने मेणाचे कण धरले तर परत पाच मिनिटं गरम करा. गॅस बंद करून ई जीवनसत्त्वाच्या ४०० एककांच्या दोन कॅप्सूल फोडून घाला, त्याने तेल खवट व्हायला वेळ लागतो. बुरशीवर त्याचा परिणाम नाही. डबी भरून खोलीतच गार होऊ द्या, फ्रिजमध्ये नाही.

बुरशीसाठी ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल, या एवढ्या मिश्रणाला अर्धा ग्रॅम. मिश्रण थोडं निवल्यावर घालून ढवळा. जास्त नको, त्वचेला झोंबतं. तोंडाजवळच्या पट्ट्यांना आणि तंगाच्या आतल्या बाजूला थायमॉलचं मिश्रण लावू नका, त्यासाठी बिनथायमॉलची डबी वेगळी ठेवा.

शुद्ध मेणासाठी गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथे मधपाळांची चौकशी करा. बाजारातल्या स्वस्त मेणात पॅराफिन असतं आणि ते एरंडेलातून वेगळं होतं.

कात्रजघाट:
साबणच कशाला हवा? सालीने कमावलेलं चामडं आम्ल असतं, पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ३ ते ५. साबण कितीही सौम्य केला तरी ९ ते १० राहणार. रिठ्याचं पाणी मुळात किंचित आम्ल असतं. दहा रिठ्यांची टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दहा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. स्पंज त्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. ताठपणाचा प्रश्नच येत नाही.

साबणवडी:
रिठा मलाही आवडतो, पण काळ्या आणि गडद तपकिरी सामानापुरता. फिकट रंगाच्या चामड्यावर पिवळट डाग पडतात. पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, रोज ताजं करावं लागतं. घोड्याच्या डोळ्यांत गेलं तर वाईट झोंबतं, म्हणून डोक्यावरचं सामान घोड्याच्या अंगावर असताना रिठ्याने पुसू नये. आणि तंगावर घाम, केस, धूळ मिळून जो काळा मेणचट लगदा बसतो तो रिठ्याने निघत नाही. तिथे साबण लागतोच.

साबण वापरून झाल्यावर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा पांढरा व्हिनेगर घालून त्या पाण्याने पिळलेलं फडकं फिरवा. राहिलेला साबण मारला जातो. तो पट्ट्यावर राहिला तर घामाशी मिसळून घोड्याच्या कातडीला लागतो, तंगाखाली केस जाऊन पुरळ उठण्याचं ते एक कारण आहे.

चामडंकाम:
बक्कलांच्या हिरव्याबद्दल. तेलातली मोकळी आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळून तांब्याचा मेणचट साबण करतात. ती बुरशी नाही. चामड्यात मुरला की डाग राहतो. लाकडी टूथपिकने खरवडा, कोरड्या फडक्याने पुसा. कंडिशनर बक्कलापासून बोटभर अलीकडे थांबवा आणि दुमडीत अजिबात भरू नका. पितळ चकाकवायचं असेल तर बक्कलाखाली कार्डाचा तुकडा सरकवा, पॉलिश चामड्याला लागता कामा नये.

याच ओघात लोखंडाचं सांगतो, कारण बोअरच्या पाण्यात ते असू शकतं. सालीने कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळं-काळं होतं. गंजकी बादली, तारेची घासणी, गंजलेला खिळा, यांपैकी काहीही ओल्या चामड्याला लागलं की काळा डाग पडतो. कोल्हापुरी चपलेवर असे डाग बऱ्याच जणांनी पाहिले असतील, चामडं त्याच जातीचं. बादली प्लास्टिकची घ्या, सामान टांगायला लाकडी खुंट्या.

धुण्याचा क्रम: बक्कलं सोडा, पट्टे कितव्या भोकावर होते ते लिहून ठेवा. आधी नुसत्या ओल्या फडक्याने घाम आणि धूळ पुसा, हे फिरून आल्या आल्या रोज करायचं. स्पंज पिळून जवळजवळ कोरडा करा, मग वडीवर दोनदा घासा. वडी ओली करायची नाही. छोटे गोल करत पुसा. काळ्या गाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांची गुंडाळी करून घासल्या की निघतात, चाकू लावू नका. स्पंज पुन्हा पुन्हा धुवा. शेवटी व्हिनेगरच्या पाण्याचं फडकं. सावलीत, वारं लागेल असं टांगा. ऊन आणि हीटर नको.

पूर्ण वाळायच्या किंचित आधी कंडिशनर लावा. प्रमाण फार थोडं: एका पट्ट्याला वाटाण्याएवढं, आख्ख्या खोगीराला दोन चहाचे चमचे. बोटांनी घासून गरम करा, खरखरीत बाजूने जास्त, गुळगुळीत बाजूने नावापुरतं. दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने जास्तीचं पुसून काढा. बोट फिरवल्यावर ठसा उमटत असेल तर जास्त झालंय. आठवड्याला साबण, महिन्याला कंडिशनर. मे अखेरीस एक नीट हात द्या आणि पावसाळ्यात कंडिशनर कमीत कमी. लोक पावसात चामडं ताठ झालं म्हणून तेलात न्हाऊ घालतात. जास्तीच्या तेलाने पट्टे ताणतात, भोकं लांबतात आणि बुरशी वाढते.

मुठेकाठ:
खूप आभार. आता खोगीराखालची बुरशी कशी काढू? आणि खोलीचं काय करावं?

रिकीब:
खोगीर बाहेर उघड्यावर न्या, तोंडाला मास्क. कोरड्या ब्रशने झटका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं ओलसर करा आणि पुसा. आधी झाकलेल्या कोपऱ्यात लावून रंग सुटत नाही ना ते बघा. एक दिवस वारं लागू द्या आणि मगच कंडिशनर. बुरशीवर थेट तेल लावलं तर तिला खाऊ दिल्यासारखं होतं. ब्रश उकळत्या पाण्यात घाला.

खोलीत आर्द्रतामापक लावा. ७० टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी येणारच. एक एक्झॉस्ट पंखा खिडकीत, खोगीराचा घोडा (खोगीर ठेवायचा लाकडी स्टँड) भिंतीपासून हातभर पुढे, वर सुती कापड. प्लास्टिकची पिशवी नको. जुन्या लोकांची युक्ती म्हणजे कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचा. एलईडीने ते काम होत नाही, तो पुरेसा तापत नाही.

चामडंकाम:
एक सुरक्षेचं राहिलं. आता सामान स्वच्छ होईल तेव्हा रिकिबीचे पट्टे आणि तंगाचे पट्टे भोकांपाशी उलट्या बाजूने दुमडून बघा. बारीक रेषा पडल्या आणि लगेच मिटल्या तर कोरडेपणा, कंडिशनरने सुधारतं. रेषा उघड्या राहिल्या, तंतू दिसले किंवा तांबडी भुकटी बोटाला लागली तर तो पट्टा संपला. त्याला कुठलंही तेल वाचवत नाही, बदला. शिवणीही नखाने ओढून बघा, दोरा आधी सुटतो.

मुठेकाठ:
डाव्या बाजूच्या रिकिबीच्या पट्ट्याला भुकटी लागली. काढून ठेवला, जोडीने नवे घेतो.

चामडंकाम:
जोडीनेच घ्या. चढताना डावा पट्टा जास्त ताणतो, म्हणून दर महिन्याला डावा-उजवा अदलाबदल करा.