मधलं नाव कोणाचं? इथिओपियातून दत्तक आलेली मुलं वाढवताना

सांजवेळ:
गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हा धागा काढायला कारण घडलं. चित्रकला स्पर्धेच्या प्रशस्तिपत्रकावर माझ्या थोरलीचं पूर्ण नाव छापलं होतं. ते वाचून एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि मायेनंच म्हणाल्या, "मधलं नाव आपल्यातलं नाही गं हे. आता ती तुमचीच झाली. जुनं कशाला उकरत बसतेस?"

माझी दोन्ही मुलं इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या वोलायता भागातली, सोद्दो गावाजवळची. २०१२ साली अमेरिकेत मेरीलँडला आली तेव्हा थोरली चारची होती, धाकटा दोनचा. तिकडे आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, त्यापुढे लागलंच तर आजोबांचं. आपल्याकडे मधली जागा बापाचीच. मुलांना जन्म देणारे वडील वारले होते. आम्ही त्यांचं नाव त्या जागी तसंच ठेवलं आणि पुढे आमचं आडनाव लावलं. नवऱ्याला यावर विचार करायला आठ दिवस लागले. मग तो एवढंच म्हणाला, "त्यांची जागा आहे ती."

फाइलवर 'अनाथ' असं लिहिलं होतं. आईबापांपैकी एक जरी गेला तरी जागतिक संस्थांच्या मोजणीत मूल अनाथ ठरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुलांची आई जिवंत आहे. येत्या डिसेंबरात आम्ही चौघं तिला भेटायला जाणार आहोत.

पहिल्या वर्षाबद्दल थोडं सांगते. मुलांना आणायला जाण्याआधी मी सहा महिने अम्हारिक, म्हणजे तिथल्या सरकारी कामकाजाची भाषा, शिकले. रात्री थोरली किंचाळत उठायची, तेव्हा "आयझोश, आयझोश" म्हणत राहायचे. आपण "असू दे बाळा, मी आहे" म्हणतो, तसं ते. तीन आठवड्यांनी एका इथिओपियन शेजारणीनं सांगितलं, ही अम्हारिक बोलतच नाही, हिची भाषा वोलायता आहे. इंजेराचंही तेच झालं. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या त्या आंबवलेल्या पोळीसाठी मी शहर पालथं घातलं, आणि हिच्या घरी मुख्य अन्न कोचो, म्हणजे केळीसारख्या एन्सेट झाडाच्या गाभ्यापासून केलेली भाकरी. ती चपात्या उशीखाली लपवायची. मी स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा ड्रॉवर तिला देऊन टाकला. त्यात केळी, शेंगदाणे, चपातीची गुंडाळी. तो कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढाच नियम. दोन वर्षांनी तिनं त्यात रंग ठेवायला सुरुवात केली.

साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी वरणभाताचा घास कालवून तिच्या तोंडापुढे धरला आणि तिनं तो घेतला. माझ्या हातून दीड महिना घेतला नव्हता. इथिओपियात प्रेमानं घास भरवायला 'गुर्शा' म्हणतात, हे मला नंतर समजलं.

संस्थेतून निघताना मुलांच्या अंगावरचे कपडेसुद्धा परत घेतले होते. घरून आणलेलं म्हणाल तर नाव तेवढं होतं. ते काढून घ्यायचं नाही आणि आईबद्दल पहिल्या दिवसापासून मोकळेपणी बोलायचं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. चार वर्षांच्या पोराला एक आई पुरते, आणि तीच हवी असते. दुसरी कुठेतरी लांब आहे आणि गरीब आहे, हे ओझं त्या वयात कशाला? भेटायला गेलात आणि तिनं पैसे मागितले तर मुलांना काय सांगाल? आणि तुमच्या यजमानांनी रात्री जागून काढल्या, ताप उतरवले. मधल्या नावाचा मान त्यांचाच. शेवटी कृष्ण यशोदेचाच ना?

ओवी_नाशिक:
कृष्णाकाठकाका, तुमचाच दाखला घेते. नंदाघरी वाढला, तरी त्याला वासुदेव म्हणतात. वासुदेव म्हणजे वसुदेवाचा मुलगा. मधलं नाव बापाचंच राहिलं की त्याचं. आणि त्यामुळे यशोदेचं काहीच कमी झालं नाही.

निवृत्त_वकील:
एक कायद्याचा मुद्दा, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं मूल दत्तक गेलं की जन्मघराशी नातं तुटतं. लग्नासाठी निषिद्ध नाती आणि आधीच मिळालेली मालमत्ता एवढाच अपवाद. इथिओपियाच्या २००० सालच्या सुधारित कुटुंब कायद्यात दत्तक मुलाचे जन्मघराशी बंध कायम राहतात, असं लिहिलेलं आहे. तिथल्या ओरोमो लोकांत 'गुडिफाचा' ही दत्तकाची जुनी चाल आहे, तिच्यातही मूल दोन्हीकडचं असतं. त्यामुळे कागदावर अंगठा उठवताना तिथल्या आईच्या मनात एक अर्थ आणि अमेरिकेतल्या कोर्टात भलताच. संबंध राखण्याला मी उपकार म्हणणार नाही. सही करणाऱ्या बाईला जे कळलं होतं, ते पाळणं आहे ते.

रोखठोक_नगरकर:
सगळे नावावर बोलताय, मुळावर कोणीच येत नाही. २०१० या एका वर्षात इथिओपियातून अडीच हजारांच्या आसपास मुलं एकट्या अमेरिकेत गेली. मार्च २०११ मध्ये तिथल्या मंत्रालयानं दिवसाला पन्नासपर्यंत चालणारी प्रकरणं पाचावर आणली. जानेवारी २०१८ मध्ये संसदेनं परदेशी दत्तक बंदच केलं. का केलं असेल? एका मुलामागे मध्यस्थांकडे जाणारा पैसा हजारो डॉलरचा. त्याच्या थोड्याशा हिश्शात ती विधवा आई दोन्ही मुलं सांभाळू शकली असती.

आपल्या मराठवाड्यानं एक हबशी पोर पाहिलेलं आहे. गरिबीपायी लहानपणीच विकलं गेलं, मूळ नाव चापू सांगतात, मालकांनी अंबर केलं. पुढे त्यानंच खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली. मलिक अंबरला आपण मानतो, पण चापूच्या आईचं काय झालं, हे कुणी विचारलंय? सांजवेळताई, राग मानू नका, पण नाव राखून मुळातली चूक भरून येत नाही.

सांजवेळ:
नगरकर, राग नाही. पण गुलामांच्या बाजाराशी तुलना मी मान्य करणार नाही. मुलांना मी विकत घेतलेलं नाही, आणि ती हे वाचतील.

बाकीचं मात्र मान्य आहे. २०१५ साली आम्ही सोद्दोतल्या एका दुभाष्यामार्फत आईशी पहिल्यांदा फोनवर बोललो. तिचा पहिला प्रश्न होता, शिक्षण किती राहिलंय, परत कधी येतील? मूल शिकायला चाललंय, अशी तिची समजूत करून दिली होती. आम्हाला सांगितलं होतं, तिनं सगळं समजून सोडलंय. त्या रात्री मी आणि नवरा जिन्यातच बसून राहिलो. तेव्हा थोरली सात वर्षांची होती, शाळा, मैत्रिणी, सगळं इथे. परत पाठवायचं? तिलाच विचारायचं? आईला काय म्हणायचं? जे करू शकलो ते केलं. दर दोन महिन्यांनी फोन, फोटो, आणि तिच्या धाकट्या मुलीची शाळेची फी. काका, तिनं पैसे मागितले नाहीत. आम्ही विचारलं.

डॉक्टरीणबाई:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, न्यू जर्सीत. परदेशातून आलेली मुलं बरीच तपासली. जंत, जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), टीबीची चाचणी, सगळ्या लसी पुन्हा तपासणं, हे होऊन जातं. जन्मतारीख मात्र बऱ्याचदा चुकलेली असते. इथिओपियन पंचांग आपल्या इंग्रजी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे, महिने तेरा, त्यात जन्माची नोंदच नसते, म्हणून वय अंदाजे लिहितात. शाळेत घालताना घाई करू नका.

नावाच्या वादात एक गोष्ट राहून जातेय. रस्त्यावर, दुकानात, पोलिसांपुढे ही मुलं कृष्णवर्णीय असतात, मराठी नाही. आणि आपल्या मंडळात त्यांना 'काळी' म्हणून बोट लावून बघणारे लोक आहेत. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांत मुलं वाढली पाहिजेत. केस कुणाकडून विंचरून घ्यायचे, इथपासून.

सांजवेळ:
अगदी बरोबर, डॉक्टर. केसांनी मला रडवलं. रोज धुवायचे नसतात, हेच मला ठाऊक नव्हतं. सिल्व्हर स्प्रिंगमधल्या एका इथिओपियन बाईंनी शिकवलं, ओले असताना रुंद दातांचा कंगवा, तेल, मग घट्ट वेण्या. दर शनिवारी चार तास तिकडे. थोरली तिथेच मोठी झाली म्हणायला हरकत नाही.

पाटीपेन्सिल:
मी सहसा लिहीत नाही. मी स्वतः दत्तक आहे, कोल्हापुरात वाढले. चाळीस दिवसांची असताना आले. घरच्यांनी लपवलं नाही, पण रोज आठवणही करून दिली नाही. मला शोधायचं नाही. लोकांना वाटतं माझ्या मनात भोक असणार, पाहुणे डोळ्यांत पाणी आणून विचारतात, "खऱ्या आईची आठवण येते का?" माझी खरी आई रंकाळ्यावर रोज फिरायला जाते.

तुम्ही मुलांना आई दिलीत, नाव राखलंत, छान. पण प्रत्येक प्रशस्तिपत्रकावर आपला इतिहास छापून यावा, असं त्यांना वाटतं का? मुलं लहान असताना तुम्ही ठरवलंत, ठीक. आता विचारा.

कृष्णाकाठ:
हेच मी म्हणत होतो, पण एवढं नीट सांगता आलं नाही. फी भरता हे वाचून माझा पहिला मुद्दा मागे घेतो. दुसरा नाही.

ओवी_नाशिक:
पाटीपेन्सिल, चाळीस दिवसांची आणि चार वर्षांची यात फरक आहे ना? थोरलीला आईचा आवाज आठवत असणार.

पाटीपेन्सिल:
आहेच. म्हणून तर धाकट्याचं काय, असं विचारते. तो दोनचा होता.

सांजवेळ:
काल रात्री जेवताना दोघांना विचारलं. थोरली म्हणाली, नाव बदलायचं नाही, पण मंडळात कुणाला समजावून सांगायचंही नाही, आणि मी मध्ये पडायचं नाही. धाकटा बराच वेळ भात चिवडत बसला. मग त्याच्या बाबाकडे न बघता म्हणाला, मला मधलं नाव बाबाचं हवंय. मला ते दुसरे आठवत नाहीत.

नवरा उठून गॅलरीत गेला. नाव बदलायला कोर्टात अर्ज करावा लागतो, तो मी आज उतरवून घेतला. सख्ख्या भावाबहिणीची मधली नावं आता वेगळी असतील. डिसेंबरात सोद्दोला गेल्यावर हे त्यांच्या आईला कोण सांगणार, ते आमचं अजून ठरलेलं नाही.