मेन स्ट्रीटसाठी फेडरल ग्रँट: आधी काय करायचं?

लाकूडतोड्या:
अमेरिकेतलं गाव, वस्ती सुमारे ७,०००, काउंटीचं मुख्य ठिकाण. डाउनटाउन म्हणजे तीन ब्लॉक. १८९० ते १९२० मधल्या दुमजली विटांच्या इमारती, वरचे मजले बहुतेक रिकामे. मेन स्ट्रीट हाच स्टेट हायवे. कौन्सिलला तीन कामं करायची आहेत: साइडवॉक आणि दिवे, दुकानांचे दर्शनी भाग, वरच्या मजल्यांवर भाड्याची घरं. तिन्हींसाठी मिळून सीडीबीजीचा (गावांच्या विकासासाठीचा फेडरल निधी) एकच मोठा अर्ज करावा असा आग्रह आहे. एक मालक तर म्हणतोय, उद्याच खिडक्या बदलायला घेतो, ग्रँट आली की बिल लावू. हे चालतं का? ग्रँट रायटर नेमायच्या आधी गावाने काय तयार ठेवावं?

टाचणी:
आधी त्या मालकाला थांबवा. सीडीबीजी हा हडचा, म्हणजे फेडरल गृहनिर्माण आणि शहरविकास खात्याचा पैसा, त्यामुळे पर्यावरण तपासणी पूर्ण होऊन निधी वापरायची लेखी परवानगी येईपर्यंत त्या प्रकल्पाचं कंत्राट करता येत नाही. हे बंधन फक्त गावावर नाही, प्रकल्पातल्या सगळ्यांवर आहे, आणि मालकाने स्वतःच्या खिशातून केलेलं कामही त्यात येतं. अर्ज गेल्यानंतर जुन्या खिडक्या उतरवल्या तर ती इमारत बाद होऊ शकते. आर्किटेक्टकडून नकाशे आणि अंदाजपत्रक मात्र खुशाल करून घ्या.

तपासणीला वेळ लागतो तो असा: जुन्या इमारती असल्यामुळे राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाकडे प्रस्ताव जातो, त्यांना उत्तरासाठी ३० दिवस. मग वर्तमानपत्रात नोटीस, नागरिकांनी गावाकडे द्यायच्या सूचना, आणि त्यानंतर निधी देणाऱ्या खात्याकडे हरकतींसाठी आणखी १५ दिवस. कामाचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असेल तर हे सगळं हिवाळ्यात उरकायला हवं.

आता एकच अर्ज का नको. ५०,००० च्या खालच्या गावांना सीडीबीजी सहसा राज्यामार्फत मिळतो आणि प्रत्येक कामाला १९७४ च्या कायद्यातलं एक राष्ट्रीय उद्दिष्ट लावावं लागतं. साइडवॉकसाठी लोक ५१ टक्क्यांचा नियम धरतात, म्हणजे लाभक्षेत्रातले किमान ५१ टक्के रहिवासी कमी किंवा मध्यम उत्पन्नाचे हवेत. गाडी इथेच अडते. डाउनटाउनचा उपयोग अख्ख्या काउंटीला होतो, मग लाभक्षेत्र म्हणून शेजारचे दोन गरीब ब्लॉक दाखवणं टिकत नाही. सेन्ससचे आकडे लहान गावांसाठी अंदाजी असतात, खऱ्यापेक्षा बरेच वर-खाली असू शकतात. आकडा ४७-४८ वर अडकला तर राज्याच्या पद्धतीने घरोघर उत्पन्नाचा सर्व्हे करता येतो, पण तो अर्जाच्या आधी संपला पाहिजे.

दर्शनी भागांना दुसरा रस्ता जास्त जमतो: जीर्ण भागाचं निर्मूलन. कौन्सिलने सीमा ठरवून, राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ठराव करायचा. त्या हद्दीत किमान २५ टक्के मालमत्ता मोडकळीला आलेल्या आहेत (किंवा तिथल्या सार्वजनिक सुविधा एकूणच खराब आहेत) हे दाखवावं लागतं. म्हणून पहिलं काम, अर्ज नाही, इमारतींची यादी: पार्सल (भूखंड) नंबर, मालक, छप्पर, भिंत, खिडक्या, विद्युत जोडणी, कोणता मजला रिकामा, प्रत्येकाचा तारीख असलेला फोटो. तीन ब्लॉकना दोन माणसं, दोन दिवस. ही यादी पुढे प्रत्येक अर्जात लागते.

खाजगी व्यापारी इमारतीत पैसे बाहेरच्या बाजूला, ॲस्बेस्टॉस-शिशाच्या कामाला आणि बांधकाम नियमांचे (कोडचे) भंग दुरुस्त करायलाच चालतात. दुकानात नवं फर्निचर, काउंटर नाही.

वीटभट्टी:
वरच्याला पुरवणी, मजुरीबद्दल. बांधकामाचं कंत्राट २,००० डॉलरच्या वर गेलं की डेव्हिस-बेकनचे, म्हणजे फेडरल कायद्याने ठरवलेले किमान मजुरीचे दर लागतात, आणि ग्रँटचा वाटा थोडाच असला तरी अख्ख्या कंत्राटाला. मालकांनी ओळखीच्या रंगाऱ्याकडून घेतलेले कोटेशन मग कामाचे राहत नाही. दर आठवड्याचा प्रमाणित पगारपट हवा, आणि गावातले छोटे कंत्राटदार तो बघूनच माघार घेतात. काही गावं ग्रँट फक्त आर्किटेक्टच्या फीला लावतात आणि बांधकाम मालकाच्या पैशातून करतात. मग मजुरीचा नियम लागत नाही. पर्यावरणाचा मात्र बघून घ्या. राज्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय ही वाट धरू नका.

विटांबद्दल: सँडब्लास्टिंग नको, कितीही स्वस्त असलं तरी. भाजलेला बाहेरचा थर गेला की वीट पाणी पिते. विटांमधल्या दरजा (सांधे) भरताना नुसता पोर्टलँड सिमेंटचा मसाला त्या काळातल्या मऊ विटेपेक्षा कडक पडतो. थंडीत दरजेऐवजी विटेचेच पापुद्रे सुटतात. चुन्याचं प्रमाण जास्त असलेला मसाला निविदेतच लिहा, आणि आधी एक चौरस यार्डाचा नमुना मंजूर करून घ्या.

तिसरा मजला:
घरांसाठी ग्रँटपेक्षा कर सवलतीचा विचार करा. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीला पात्र खर्चाच्या २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट आहे, पाच वर्षांत विभागून. २०१७ च्या कर कायद्याआधी ते एकदम मिळायचं. अट अशी की २४ महिन्यांत होणारा खर्च इमारतीच्या समायोजित मूळ किमतीपेक्षा (किंवा ५,००० डॉलरपेक्षा, जे जास्त असेल त्यापेक्षा) जास्त हवा. इमारत ९०,००० ला घेतली, त्यात जमीन १५,०००, घसारा अजून नाही, तर ७५,००० च्या वर खर्च झालाच पाहिजे. टप्प्याटप्प्याचं काम आधीच तसं आखलं असेल तर मुदत ६० महिने. अर्ज तीन भागांत. दुसरा भाग, म्हणजे कामाचं वर्णन, काम सुरू व्हायच्या आधी मंजूर असावा. नाकारण्याचं नेहमीचं कारण? खिडक्या. दुरुस्त होणारी लाकडी चौकट फेकून विनाइल बसवलं की संपलं. म्हणून तुमचे ते गृहस्थ दोन्हीकडून गोत्यात आहेत.

लाकूडतोड्या:
त्यांना आजच कळवतो. साइडवॉकचं काय मग? ते सीडीबीजीत बसत नसेल तर?

टाचणी:
ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्ह्ज ही पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या सोयींसाठीची फेडरल योजना बघा, साधारण ८० टक्के फेडरल, २० स्थानिक. हायवे राज्याचा असल्याने राज्याच्या वाहतूक खात्याशी आधी बोलावंच लागेल. ते रस्ता पुन्हा डांबरणार असतील तर कोपऱ्यांवरचे व्हीलचेअर उतार करणं त्यांना कायद्याने भाग आहे. तेवढा खर्च तुमच्या अंदाजपत्रकातून कमी होतो.

निविदेच्या आधी दोन गोष्टी तपासा. जुन्या डाउनटाउनमध्ये साइडवॉकच्या खाली कोळशाची तळघरं असतात. प्रत्येक तळघरात उतरून रस्त्याच्या बाजूची भिंत कुठे आहे ते मोजा. खोदल्यावर सापडलं की बदल आदेश (कंत्राटातलं वाढीव काम) निघतो आणि राखीव रक्कम तिथेच संपते. दुसरं, रस्ता उघडा असतानाच प्रत्येक इमारतीपर्यंत अग्निशमनाच्या पाण्याची वेगळी लाइन आणून ठेवा. वरच्या मजल्यांवर घरं करायची तर स्प्रिंकलर लागतात, आणि नवं काँक्रीट दोन वर्षांत पुन्हा फोडायला कोणी परवानगी देत नाही. ही लाइन पात्र खर्चात धरतात का ते विचारा, नाहीतर पाणीपुरवठ्याच्या बजेटमधून करा.

वीटभट्टी:
आणि सॅम डॉट गव्ह या फेडरल निधी घेणाऱ्यांच्या सरकारी साइटवरची नोंदणी आत्ताच सुरू करा. नाव-पत्ता करखात्याच्या नोंदीशी अक्षरशः जुळावा लागतो, आठवडे जातात, दरवर्षी नूतनीकरण. शिवाय बहुतेक पैसे बिल भरल्यावर परत मिळतात. तोवर बिलं भागवायला बँकेकडून किती उचल घेता येईल ते ठरवून घेतलं का, हे खजिनदाराला विचारा.