लाउडाची फेरारी ठोकली, आता तरी थांबणार का?

मिरजकर (धागाकर्ता)

मे 2022 मधला मोनॅको हिस्टॉरिकचा, म्हणजे तिथल्या जुन्या रेसिंग गाड्यांच्या मेळ्याचा, व्हिडिओ काल पुन्हा पाहिला. फॉर्म्युला वनचा जगज्जेता निकी लाउडाने 1974 साली चालवलेली फेरारी 312 बी3, आणि आत मोनॅकोचाच मुलगा, फॉर्म्युला वन चालक शार्ल लक्लेर. रास्कासच्या वळणावर ब्रेकने दगा दिला, गाडी गर्रकन फिरली आणि मागची बाजू बॅरिअरवर आदळली. पोराला काही झालं नाही. मागच्या पंखाचा मात्र चुराडा.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांची जोडी पुन्हा बनणार नाही अशा अस्सल गाड्या शर्यतीत उतरवू नयेत. फेरारी 250 जीटीओ घ्या. 1962 ते 64 मध्ये मोजून 36 बनल्या. 2018 मध्ये त्यातली एक 4 कोटी 84 लाख डॉलरना गेली. 2019 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने या गाडीला चक्क कलाकृती ठरवलं. आणि तीच गाडी इंग्लंडमधल्या गुडवुडच्या ट्रॅकवर कोब्रा गाड्यांच्या अंगाला अंग घासत पळताना दिसते! हौस असेल तर नक्कल पळवा ना. जग्वारने 1963-64 मध्ये हलक्या ई-टाइप गाड्या 18 बनवायच्या ठरवून 12 च बनवल्या होत्या, उरलेल्या 6 बनवायचं 2014 मध्ये जाहीर केलं. तसं करा.

साउथॅम्प्टनचा बंड्या

मिरजकर, आधी एक दुरुस्ती. लक्लेर शर्यतीत नव्हता, प्रात्यक्षिकाच्या फेऱ्या मारत होता. म्हणजे तुमच्याच उदाहरणाने सिद्ध काय होतं, तर शर्यत बंद केली तरी गाडी ठोकता येते.

दुसरं म्हणजे गुडवुड रिव्हायव्हल, म्हणजे तिथल्या जुन्या गाड्यांच्या शर्यती, एकदा प्रत्यक्ष येऊन बघा. महायुद्धातल्या विमानतळाच्या कडेचा रस्ता, त्याचाच हा ट्रॅक. 1948 ला सुरू, 1966 ला बंद, आणि पहिल्या शर्यतीनंतर बरोब्बर 50 वर्षांनी, 18 सप्टेंबर 1998 ला पुन्हा सुरू. मी दोनदा गेलोय. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या असतात तिथे, शिरलो की पहिल्यांदा नाकाला कळतं. जुन्या रेसिंग इंजिनांत एरंडेलापासून बनवलेलं तेल घालतात. हो, तेच, लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते. ते जळालं की गोडसर, जरा घशाला लागणारा वास येतो. मग 3 लिटरचं व्ही-12 इंजिन चालू होतं आणि छातीतला पिंजरा थरथरतो. हे काचेमागे ठेवून कसं कळणार? तुम्ही मिरजेचे. तंबोरा कपाटात बंद करून ठेवतात का हो तुमच्याकडे?

मिरजकर

तंबोरा 200 च्या वेगाने भिंतीवर जात नाही.

दुरुस्ती मान्य. मग शर्यतीतलंच उदाहरण घ्या. आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, त्याच मोनॅको हिस्टॉरिकला फॉर्म्युला वनचा जुना चालक ज्याँ अलेसी 1974 च्या फेरारीत पुढे होता. मागून लोटस 77 गाडीने टेकवलं, फेरारी सरळ रस्त्यावरच भिंतीला. लोटसवाला पहिला आला आणि नंतर दंड होऊन पहिला नंबर गमावून बसला. म्हणजे हाती कुणाच्या काय लागलं? व्यावसायिक चालक गाडीत बसला की त्याला जिंकायचंच असतं, गाडी 1974 ची असो की आत्ताची.

वाचनमात्र

श्रीमंतांचे चोचले. इथे आमच्या 2009 च्या स्प्लेंडरचा क्लच बसवायला पैसे नाहीत. चालू द्या.

ओतकाम_कोल्हापूर

शिरोलीला फाउंड्रीत तपासणीत 22 वर्षं काढली, म्हणून बोलतो.

या काळातल्या बऱ्याच रेसिंग गाड्यांची चाकं, गिअरबॉक्सचे खोके मॅग्नेशियमचे. वजनाला हलकं, पण हवा-पाण्याने लवकर खातं. वरून रंग चकाचक, आतून पोखरलेलं. तडा शोधायला आम्ही ओतकामावर लाल पाणी मारतो, थोडं थांबून पुसून काढतो, मग वर पांढरी पावडर फवारतो. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला घामच फुटतो, कारण दोन मिनिटांपूर्वी तो भाग हातात घेऊन त्यानेच "एकदम ओके" म्हटलेलं असतं.

आता दोन्ही बाजूंना टोचणारं बोलतो. मिरजकर, उभ्या गाडीची सीलं कडक होतात, टाकीत पेट्रोलचा चिकटा बसतो, ब्रेकच्या सिलिंडरला गंज धरतो. बंड्या, पळणाऱ्या गाडीचा प्रत्येक भाग दर फेरीला थोडा थकतो, आणि धातूचा थकवा भरून निघत नाही. म्हणून भाग बदलतात. अपघातानंतर पत्रा बदलतात, इंजिनचा ब्लॉक नवा ओततात. आपल्याकडे पेशवेकालीन वाडा म्हणून दाखवतात आणि दिंडीदरवाजा सोडून सगळं नवं असतं, तसंच. "अस्सल" म्हणजे नेमकं काय वाचवायचंय, ते आधी ठरवा.

मिरजकर

तेच तर! शर्यतीने अस्सलपण झिजतं, हे तुम्हीच सांगितलंत.

पिवळा_झेंडा

गाडी, गाडी आणि गाडी. माणसांचं कुणी बोलेल का?

2000 साली गुडवुडच्याच फेस्टिव्हल ऑफ स्पीडमध्ये 1969 च्या पिढीतली लोटस 63 टेकडीच्या चढणीवर ताबा सुटून आदळली. चालक गेला, आणि एक मार्शलही. चालकाने धोका स्वतः पत्करला होता. ब्रिटनमध्ये मार्शल म्हणजे बिनपगारी हौशी मंडळी, झेंडा धरून दिवसभर उन्हापावसात उभी. जुन्या गाडीचं काय कधी तुटेल याचा हिशोब त्यांच्याकडून कुणी विचारून घेतो?

माझ्या मते इटलीतल्या मिल्ले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग बरा. 1957 च्या अपघातात चालक, सहचालक आणि 9 प्रेक्षक गेल्यावर ती शर्यत बंद झाली. 1977 पासून जुन्या गाड्या त्याच वाटेने धावतात, पण वेगासाठी नाही. ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर.

साउथॅम्प्टनचा बंड्या

मार्शलचा मुद्दा डोक्यावर घेतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण मिल्ले मिलिया? वेळापत्रक पाळायची स्पर्धा असेल तर आपल्या एसटीला पाठवू, परशुराम घाटात सराव झालेलाच आहे. स्पर्धेसाठी बनलेली वस्तू स्पर्धेत दिसायला हवी. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याची 250 जीटीओ 1962 च्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत तिसरी आली होती. एवढी मोलाची गाडी, तरी त्याने ती वर्षानुवर्षं शर्यतीत पळवली. नुकसान त्याचं, खिसा त्याचा, आपण का रडायचं?

मिरजकर

खिसा त्याचा, पण वस्तू त्याच्या आधीची आणि त्याच्या नंतरचीही. उद्या एखाद्याने "माझ्या मालकीचं आहे" म्हणून जुनं हस्तलिखित भिजवलं तर?

साउथॅम्प्टनचा बंड्या

भिजवणं आणि वाचणं यात फरक आहे, मिरजकर. मी वाचायचं म्हणतोय.

आणि कधी थांबायचं हे कळणारे लोकही असतात. ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉसचं करिअर 1962 ला गुडवुडवरच्या अपघातात संपलं, महिनाभर बेशुद्ध होता. तरी नंतर जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरतच राहिला. 2011 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, ल माँला सराव करताना त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याच दिवशी हेल्मेट ठेवलं.

मिरजकर

मॉसला भीती वाटली, तो थांबला. मॅग्नेशियमच्या चाकाला भीती वाटत नाही. तडा डोळ्याला न दिसता वाढतो, म्हणूनच ते लाल पाणी मारावं लागतं, असं ओतकामच म्हणाले ना?

ओतकाम_कोल्हापूर

म्हणालो. आणि ज्याला गाडी पळवायचीय तो दर मोसमाला मारून घेतो, कारण जीव त्याचा आहे. संग्रहालयात दोरी बांधून ठेवलेल्या गाडीच्या चाकाला कोण मारतंय?