तातडीची मदत: 48 हजारात दोन लॅपटॉप, कोणता घेऊ?

उदगीरकर: दुकानात उभा आहे, लवकर सांगा. दोन काढून ठेवलेत, दोन्ही 48 हजाराच्या आसपास. एकात इंटेलचा आय फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम. दुसऱ्यात एएमडीचा रायझन फाइव्ह, 16 जीबी. बाकी सगळं सेम. दुकानदार 16 वाला घ्या म्हणायलाय. घेऊ का?

सर्किट_नांदेड: आय फाइव्ह कोणता? पूर्ण नंबर टाका.

उदगीरकर: आय फाइव्ह म्हणजे आय फाइव्ह. निळं स्टिकर आहे.

सर्किट_नांदेड: आय फाइव्ह 2009 पासून निघायलेत दादा. खोक्यावर बघा, चार आकडे आणि मागं एक अक्षर असतं. रायझनचं पण तसंच.

मन्याडकाठ: दोन्ही सोडा. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जाऊन सेकंडहँड थिंकपॅड लॅपटॉप घ्या. माझा अजून चालू आहे, कीबोर्ड तर लोण्यासारखा.

सर्किट_नांदेड: माणूस दुकानात उभाय अन् तुम्ही त्याला सिकंदराबादला धाडायलात.

मन्याडकाठ: रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. नवीनच्या नादात पैसे घालवायचे तर घालवा.

अंबाजोगाईची_ताई: लॅपटॉप कशासाठी पाहिजे ते कुणी विचारलं का?

उदगीरकर: कॉलेजसाठी, अजून कशासाठी.

अंबाजोगाईची_ताई: कॉलेज बीएचं का इंजिनिअरिंगचं?

उदगीरकर: पुतणीला नांदेडला सिव्हिल लागलंय. ऑटोकॅड, ते ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, लागतं म्हणते. नंबर बघितले, आय फाइव्ह 1235यू आणि रायझन 7520यू. आता तरी सांगा की.

सर्किट_नांदेड: हे आधी सांगायचं ना. 7520यू मधला तिसरा आकडा बघा, 2. म्हणजे आत एएमडीची झेन 2, ती 2019 ची रचना, नाव फक्त 7000 सिरीजचं. चारच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग. ग्राफिक्स 610एम, अगदीच बेताचं. 1235यू 2022 चा, दोन मोठे आणि आठ छोटे कोअर. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, तिथं मोठा कोअर कामाला येतो. आय फाइव्ह घ्या.

दुष्काळी_ढग: थांबा थोडं. जीएसटी कमी झालाय, अजून स्वस्त होतील.

अंबाजोगाईची_ताई: लॅपटॉपवर आधीपासून 18 टक्केच आहे. 28 वरून 18 वर आले ते एसी आणि मोठे टीव्ही.

दुष्काळी_ढग: मग एसी घ्यावा म्हणतो. आमच्याकडं लाइट राहिली तर.

मन्याडकाठ: सर्किट, 8 जीबीत विंडोज 11 अन् ऑटोकॅड एकदम चालवून दाखवा. क्रोम उघडलं की संपलं.

सर्किट_नांदेड: म्हणूनच रॅम वाढवायची. 7520यू वाल्याची बोर्डावरच सोल्डर केलेली असते, जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. आय फाइव्हला रॅमचा एक स्लॉट, म्हणजे खाच, रिकामा असेल तर आज ना उद्या 8 जीबीची स्टिक टाकता येते. दोन स्टिक झाल्या की त्यातलं आयरिस ग्राफिक्सही नीट चालतं, एकीवर ते साधं यूएचडी ग्राफिक्स म्हणूनच दिसतं.

मन्याडकाठ: आज ना उद्या? रॅमचे भाव बघितले का 2025 च्या दिवाळीपासून? तेव्हा सोयाबीनचा भाव पडला अन् रॅमचा चढला.

दुष्काळी_ढग: सोयाबीनचं नाव काढू नका.

अंबाजोगाईची_ताई: मी सिव्हिलवालीच आहे. पहिल्या वर्षी 2डी ड्रॉइंगच्या पुढं काही नसतं, 8 वर निघतं. पुढं रेव्हिट, ते इमारतीच्या 3डी मॉडेलचं सॉफ्टवेअर, आलं की 16 लागतेच, त्यामुळं स्लॉट असलेलाच घ्या. आणि दुकानदार ऑटोकॅड टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. ऑटोकॅडची कंपनी ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देते, दर वर्षी कॉलेजचा पुरावा देऊन वाढवून घ्यायचं.

उदगीरकर: ताई, तो खरंच टाकून देतो म्हणायलाय. आणि स्लॉटचं विचारलं तर "असंल की" म्हणतो. उघडून दाखव म्हणलं तर वॉरंटी जाईल म्हणे.

सर्किट_नांदेड: उघडू नका. डेमोचा चालू करून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, मग मेमरी. तिथं "स्लॉट्स यूज्ड" पुढं 1 ऑफ 2 दिसलं तर घ्या. ती ओळ भरवशाची नसते कधीकधी, म्हणून खाली चिकटवलेला पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पण बघा.

मन्याडकाठ: थिंकपॅडला एक स्क्रू काढला की दिसतं.

उदगीरकर: 1 ऑफ 2 आलंय. साइटवर पण दोन स्लॉट लिहिलेत. पैसे द्यायलोय.

बेशरमाचं_झाड: दादा, गेमिंगसाठी 30 हजारात कोणता बसेल?