ठिपका थांबला म्हणजे गडबड नव्हे
नवरा इडिटारॉडला, म्हणजे अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीला गेलाय आणि नकाशावरचा त्याच्या स्लेजचा जीपीएस ठिपका तीन तास हलला नाही म्हणून जीव टांगणीला लागलाय, असं तुम्ही लिहिलंय. अहो, बहुतेक वेळा तो कुत्र्यांना विसावा देत असतो. बर्फ वितळवून पाणी करायचं, खाऊ घालायचं, एकेका पायातला बूट काढून पंजे तपासायचे, यातच बराच वेळ जातो. शिवाय एक २४ तासांचा आणि दोन ८ तासांचे सक्तीचे थांबे आहेतच. शर्यत संपते त्या नोम गावापर्यंत साधारण १,६०० किलोमीटर जायचंय. रात्रभर स्क्रीनकडे टक लावलीत तर आधी तुम्हीच आडव्या व्हाल! थकलेला कुत्रा त्याने वाटेतल्या चेकपॉइंटवर सोडला, तर तो कुत्रा विमानाने परत येतो. त्याला आणायला कोण जाणार, तेवढं मात्र आजच ठरवा.