चिनी वैद्यकातले ‘यकृत’ म्हणजे आपले यकृतच का?

परदेशस्थ
सततची चिडचिड आणि झोपमोड यांसाठी मी सिंगापूरमध्ये एका नोंदणीकृत चिनी वैद्यांकडे गेलो होतो. त्यांनी डाव्या मनगटावर तीन बोटे टेकवली, मधले बोट जरा दाबून धरले, नाडी ‘ताणलेल्या तारेसारखी’ लागते असे म्हणाले आणि यकृताची ‘ची’ (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) अडल्याचे निदान केले. मी घाबरून दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतले, तर यकृताचे सगळे आकडे ठीक. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात यकृताला बेत आखणारा सेनापती म्हटले आहे. रक्त साठवणे, ‘ची’चा प्रवाह मोकळा ठेवणे, स्नायुबंध, डोळे, नखे आणि राग हे सारे त्याच्या अखत्यारीत येते. माझे मत असे की हे एका अवयवाचे नव्हे, तर कार्यांच्या एका समूहाचे नाव आहे, आणि त्याला ‘यकृत’ म्हणणे हीच भाषांतराची चूक आहे.

शंकेखोर
हा बचाव सोयीचा आहे, पण प्राचीन नाही. ‘नान-जिंग’ या दुसऱ्या प्राचीन चिनी ग्रंथात यकृताचे वजन चार जिन चार लियांग (जुनी चिनी मापे) असून त्याला डावीकडे तीन आणि उजवीकडे चार पाळ्या असतात, असे स्पष्ट लिहिले आहे; कार्यसमूहाला कोणी तराजूत घालत नाही. जपानमध्ये वैद्यक शिकून आलेल्या यू युनशियू यांनी 1917 मध्ये ‘नेइजिंग’मधील शरीररचनेवर कडाडून टीका केली, तेव्हा पारंपरिक चिनी वैद्य युन त्येच्याव यांनी 1922 मध्ये उत्तर दिले की त्यातील पाच अवयव रक्तमांसाचे नसून चार ऋतूंचे आहेत, म्हणजे ऋतुचक्राशी जोडलेल्या कार्यांची ती नावे आहेत. तुमचा युक्तिवाद त्याच उत्तराचा वंशज आहे.

अडुळसा
रागाचा संबंध या भागाशी जोडणे आपल्यालाही परके नाही. आपलेही पित्त खवळतेच, आणि ‘काळीज’ हा शब्द आपण धैर्यासाठीही वापरतो, मटणाच्या दुकानातही. मात्र तेवढ्यावरून चिनी यकृत म्हणजे आपले पित्त, असे समीकरण कोणी मांडू नये. आपल्याकडे नाडीवरच्या तीन बोटांखाली वात, पित्त, कफ पाहतात, तर तिकडे डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली यकृत. बोटे तीच, पण नकाशा निराळा.

शंकेखोर
नकाशा निराळा असला तरी औषध त्याच शरीरात जाते. ‘शोसाइकोतो’ हा मूळचा चिनी काढा जपानमध्ये जुनाट यकृतदाहावर सर्रास दिला जात असे, आणि त्याने फुफ्फुसांचा गंभीर दाह होऊन मृत्यू ओढवल्यावर 1996 मध्ये तिथल्या सरकारला तातडीचा इशारा द्यावा लागला. ‘यकृत आणि रक्त पोसणारी’ म्हणून दिली जाणारी ‘हशोवू’ ही चिनी औषधी मुळी खऱ्या यकृताला इजा करू शकते, हे तर अनेक रुग्णांत नोंदले गेले आहे.

परदेशस्थ
‘हशोवू’चा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, ते विकणाऱ्यांनी यकृताची तपासणी सक्तीची करावी, असेच मी म्हणेन. मात्र जपानचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे, कारण तिथे रुग्णाची पारंपरिक लक्षणे न जुळवता, केवळ ‘यकृताचा रोग’ एवढ्या नावावरून तो काढा अनेकांना दिला गेला, अशी टीका खुद्द पारंपरिक पद्धतीच्या वैद्यांनीच केली होती.

शंकेखोर
म्हणजे गुण आला तर शास्त्राचा, आणि नाही आला तर वापरणाऱ्याचा दोष! तुमच्या वैद्यांचे निदान चुकले असते, तर ते तुम्हाला कशावरून कळले असते?

परदेशस्थ
त्यांनी मला ‘श्यावयाव सान’ हे चूर्ण दिले आणि दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर निदान बदलू, असे सांगितले. झोप सुधारली. पण त्याच दोन आठवड्यांत मी कार्यालयातून रजा घेतली होती, त्यामुळे श्रेय चूर्णाचे की रजेचे, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.