व्हेल्ड कॅमेलियनचं पिल्लू: पिंजरा, दिवा, पाणी आणि खाणं याबद्दल मदत हवी आहे

निंबोणी

नमस्कार मंडळी. व्हेल्ड कॅमेलियनचं (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) साधारण तीन महिन्यांचं पिल्लू माझ्याकडे आलं आहे. पाळीव जोडीच्या अंड्यातून निघालेलं आहे, रानातून धरलेलं नाही, हे आधीच नीट विचारून घेतलं होतं. शेपटी सोडली तर माझ्या मधल्या बोटाएवढं आहे.

सध्या ते काचेच्या टाकीत आहे. वर जाळीचं झाकण, आत एक वाळकी फांदी, दोन प्लॅस्टिकचे वेल आणि तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा. टाकी बुटक्या टेबलावर ठेवली आहे. झाकणावर पिळाचा छोटा यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) बल्ब आहे, शेजारी उबेसाठी लाल दिवा, तो रात्रीही चालू असतो. पाण्याची वाटी ठेवली, पण तिच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही. सकाळी रातकिडे सोडते. एखाद-दुसरा खातं, बाकीचे भुशात शिरतात. दिवसाचा बराच वेळ ते गडद तपकिरी असतं आणि कोपऱ्यात काचेवर पंजे मारत राहतं. हात पुढे केला की तोंड वासून फुसकारतं.

हे सगळं सामान मला त्याच्यासोबतच मिळालं. यातलं काय ठेवू, काय बदलू आणि आधी काय करू? सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर शोधते आहे.

उंबर

आधी तातडीचं सांगतो. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि ते त्याला दुसरा कॅमेलियन वाटतो, त्यातून सुटका नाही म्हणून ते पंजे मारतं. भुसा काढून टाका. लाल दिवा रात्री बंद करा. टाकी उचलून तुमच्या डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवा. वरून येणारी प्रत्येक हालचाल त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याची असते. आणि हातावर घेणं पूर्ण थांबवा.

एक विचारायचं राहिलं: दिवसा ते डोळे मिटून बसतं का? दिवसा डोळे मिटलेला कॅमेलियन आजारी असतो, तसं असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या.

निंबोणी

डोळे दिवसभर उघडे असतात, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात. खोल गेलेलेही वाटत नाहीत. कागद लावला, भुसा काढला.

जाळीआडून

डोळे उघडे आणि फिरते आहेत, म्हणजे तुमच्या हाताशी वेळ आहे. मी बरीच वर्षं हीच जात सांभाळतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हा प्राणी मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. डोंगरउतार आणि दऱ्यांमधली झाडंझुडपं हे त्याचं घर. दिवसा ऊन आणि वाहती कोरडी हवा, रात्री गारवा, धुकं आणि पहाटे पानांवर दव. पिंजऱ्यातलं जवळजवळ सगळं या एका चक्रावरून ठरतं. दिवसरात्र सारखीच ऊब आणि सारखाच दमटपणा ठेवला, तर त्याची फुप्फुसं बिघडतात.

म्हणून पिंजरा जाळीचा घ्या. या वयाला साधारण ४० × ४० सेंटिमीटर तळाचा आणि ७५ सेंटिमीटर उंच पुरेल, पण पूर्ण वाढ झाल्यावर ६० × ६० × १२० लागतोच. एकदाच खर्च करायचा असेल तर मोठाच घ्या. पिल्लू मोठ्या पिंजऱ्यात हरवतं असं म्हणतात ते मला पटत नाही. झाडं दाट असली की ते आपली जागा शोधतं आणि खाणं रोज एकाच ठिकाणी ठेवलं की तिथे यायलाही शिकतं. तळावर काही पसरू नका, फक्त पाणी निथळून जाण्याची सोय करा. इतक्या लहान पिल्लाला साचलेलं पाणी धोक्याचं असतं.

प्लॅस्टिकचे वेल काढाच. व्हेल्ड कॅमेलियन पानं कुरतडून खातात, प्लॅस्टिक पोटात गेलं तर आतडं अडतं. खरी झाडं लावा: मनी प्लांट, जास्वंद, शेफलेरा, फायकस. आणल्यावर पानं दोन्ही बाजूंनी धुवा, कारण विक्रीच्या झाडांवर कीटकनाशक असू शकतं. कुंडीतल्या मातीवर त्याच्या तोंडात मावणार नाहीत असे मोठे गोटे पसरा. फांद्या आडव्या हव्यात, वेगवेगळ्या जाडीच्या आणि वेगवेगळ्या उंचीवर. झाड किती असावं, याला माझं एकच माप आहे: पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर तो सहजी सापडता कामा नये. लपायला जागा मिळाली की तो आपणहून पुढे येऊन बसायला लागतो. उघड्यावर ठेवलेला मात्र कायम भेदरलेला राहतो.

आता दिवा. पिल्लाचा जीव याच्यावरच अवलंबून आहे. पिळाच्या बल्बची यूव्हीबी एका लहानशा जागेत पडते आणि बाकी पिंजरा कोराच राहतो. नळीचा दिवा घ्या: टी-५ हाय आउटपुट (बारीक, जास्त तीव्रतेची नळी), त्यावर यूव्हीबी ५.० किंवा ६ टक्के लिहिलेला. तो जाळीवर ठेवला तर सर्वात वरची बसायची फांदी त्याखाली साधारण २० ते २२ सेंटिमीटरवर येऊ द्या. मधे काच किंवा प्लॅस्टिक चालणार नाही, ते यूव्हीबी अडवतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही म्हणूनच निरुपयोगी. दिवसाचे १२ तास चालू, मग बंद. नळी दिसायला प्रकाश देत राहिली तरी यूव्हीबी घटत जाते, म्हणून वर्षाने बदला.

एवढा आग्रह का, तर ही किरणं कातडीवर पडली की शरीर ड जीवनसत्त्व तयार करतं आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जातं. पिल्लाची हाडं रोज वाढत असतात. कॅल्शियम कमी पडलं की ती मऊ होतात, पाय मधेच वाकतात, जबडा रबरासारखा होतो. जिभेवरही परिणाम होतो. कॅमेलियनची जीभ त्याच्या धडाच्या दीडपट-दुप्पट लांब जाते. ती अर्धवट जाऊ लागली, नेम चुकू लागला किंवा बाहेर लोंबू लागली, तर हाडांच्या आजाराची शंका घ्या. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. फार कळवळून सांगतो आहे, कारण इतरांनी सोडून दिलेली अशी पिल्लं मी सांभाळली आहेत. त्यांना फांदी धरता येत नाही.

उबेसाठी लाल दिवा नको, साधा पांढरा बल्ब पुरतो. बसायच्या फांदीवर, नेमक्या त्याच्या पाठीच्या उंचीवर, २७ ते २९ अंश सेल्सियस. त्याहून जास्त नको. पिल्लाचं अंग चटकन तापतं, आणि डोक्यावरचा उंच तुरा दिव्याच्या सर्वात जवळ असतो म्हणून आधी तोच भाजतो. तापमान तारेच्या टोकाला सेन्सर असलेल्या डिजिटल थर्मामीटरने मोजा, जाळीला चिकटवलेल्या गोल तबकडीवर भरवसा ठेवू नका. खालचा भाग २२ ते २५ अंशांवर राहू द्या, म्हणजे गरम झालं की उतरून जाता येईल. दिव्याखाली तोंड उघडं ठेवून बसलं तर त्याला उकडतं आहे. सकाळी थोडा वेळ गडद होणं मात्र ठीक, गडद कातडीने ते ऊब घेतं. दिवसभर गडद राहणं हे ताणाचं लक्षण. रात्री सगळे दिवे बंद, तापमान १८ अंशांपर्यंत आलं तर चांगलंच.

पाण्याची वाटी काढून टाका. त्याला हलणारं, चमकणारं पाणी ओळखता येतं, म्हणजे पानावरचे थेंब. पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटं बारीक फवारा द्या, रात्री दिवे गेल्यावर पुन्हा. दुपारी एका कपाला खाली बारीक छिद्र पाडून तो जाळीवर ठेवा, थेंब एका पानावरून दुसऱ्या पानावर पडत राहतील. लपून पाहिलंत तर ते थेंब चाटताना दिसेल. दिवसा दमटपणा ३० ते ५० टक्के पुरे, रात्री ७५ च्या वर जाऊ द्या. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं पूर्ण सुकली पाहिजेत. पाणी पोटात जातंय का, हे विष्ठेवरून ओळखा. गडद भाग आणि त्याला जोडून पांढरा भाग असतो. पांढरा भाग पांढराशुभ्र किंवा कडेला किंचित पिवळा असेल तर ठीक. पूर्ण नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

खाण्याचं उद्या लिहितो.

जाळीआडून

राहिलेलं खाणं.

किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. या वयात दिवसाला असे दहा-बारा लहान रातकिडे. सकाळी, दिवे लागून ऊब घेऊन झाल्यावर, कारण गार अंगात पचन होत नाही. मोकळे सोडू नका. किडे चढून बाहेर येणार नाहीत असा आतून गुळगुळीत, पिल्लाला तळ दिसेल असा कप फांदीला टांगा आणि त्यात ठेवा. उरलेले संध्याकाळी काढून घ्या. लपून राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात.

नुसते रातकिडे देत राहिलात तर एक दिवस ते खाणं सोडेल, या जातीचा तो स्वभावच आहे. बिनउडत्या फळमाश्या, छोटी डुबिया झुरळं, रेशीम अळ्या, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आलटून पालटून द्या. यातल्या शेवटच्या अळ्यांमध्ये मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. मेणकिड्याच्या अळ्या चरबीच्या, क्वचितच द्या. बाहेर पकडलेले किडे नकोत, त्यांच्या अंगावर औषध असू शकतं. काजवा तर चुकूनही नको, त्यातलं विष सरड्यांना मारतं.

किडा उपाशी असेल तर पिल्लाला फक्त टरफल मिळतं. देण्याआधी एक दिवस त्यांना गाजर, रताळं, हिरवा पाला खाऊ घाला. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मग किडे पिशवीत घालून साध्या कॅल्शियमच्या भुकटीत हलकेच हलवा, पांढुरकी झाक आली की पुरे. रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे हे प्रत्येक खाण्याला करायचं. या भुकटीत ड-३ नको. ड-३ आणि इतर जीवनसत्त्वांची भुकटी वेगळी, ती पंधरा दिवसांतून एकदाच. जास्त ड-३ शरीरात साठून मूत्रपिंडांना इजा करतं.

ओलीमाती

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त एक भर घालते. पिल्लू नर आहे की मादी ते बघितलंत का? व्हेल्डमध्ये हे अंड्यातून निघाल्या दिवसापासून कळतं. मागच्या पायाच्या टाचेला छोटं मांसल टोक असेल तर नर. नसेल तर मादी.

निंबोणी

फोटो मोठा करून पाहिला. टोक नाही. म्हणजे ती आहे. नळीचा दिवा आणि जाळीचा पिंजरा मागवला आहे. कप टांगल्यावर आज सकाळी तिने सात रातकिडे खाल्ले, आणि जास्वंदीच्या पानाचा एक तुकडासुद्धा.

ओलीमाती

वा! मग मादीचं वेगळं सांगते, कारण हे उशिरा कळलं तर ती जिवानिशी जाते. नराशी भेट झाली नाही तरी मादी अंडी घालते. पाच-सहा महिन्यांची झाली की कधीही. पुरायला जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते आणि त्यातच मरू शकते. म्हणून पाचव्या महिन्यापासून पिंजऱ्यात ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद डबा कायम ठेवा, धुतलेल्या बारीक वाळूने भरलेला. वाळूत बोट घातल्यावर भोक तसंच उभं राहिलं पाहिजे, इतकी ओल हवी. आता मात्र ठेवू नका, ती लहान आहे.

ती खाली उतरून तळाशी येरझारा घालू लागली आणि उकरायला लागली की पिंजऱ्याला चादर टाका आणि दूर राहा, लपून बघायचंच असेल तर चादरीला छोटं छिद्र. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं अर्धवट सोडते.

भरपूर खाणं आणि जास्त ऊब असली की अंडी खूप होतात, आणि प्रत्येक खेप तिला झिजवते. त्यामुळे सहा महिन्यांनंतर खाणं हळूहळू कमी करत एक दिवसाआड तीन-चार किड्यांवर आणा, आणि बसायच्या फांदीवर २७ अंशांच्या वर जाऊ नका. तिची नजर तुमच्यावर खिळेल, अजून द्या म्हणून. देऊ नका. तोवर मात्र वाढीचं वय आहे, पोटभर खाऊ द्या.

निंबोणी

डॉक्टर सापडले, पुढच्या आठवड्यात वेळ मिळाली आहे. तिला घेऊन जायचं म्हणजे पुन्हा ताण. न्यावं का?

जाळीआडून

न्या. झाकण असलेल्या छोट्या डब्यात आडवी फांदी बसवा, वर कापड टाका, अंधारात ती शांत राहते. हाताने ओढून काढू नका, बोट किंवा फांदी तिच्या छातीसमोर धरा, आपणहून चढेल. त्याच सकाळची ताजी विष्ठा बंद डबीत न्या, जंतांसाठी तपासायला सांगा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आत्तापासून दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि तो कागदही डॉक्टरांना दाखवा. या वयात आकडा चढत राहिला पाहिजे. लागोपाठ दोन आठवडे तिथेच थांबला तर इथे लिहा.

निंबोणी

आजचं वजन १९ ग्रॅम. लिहून ठेवलं.

उंबर

नवा पिंजरा आला की एक दिवस रिकामाच चालवा, फांदीवर थर्मामीटर लावून. आकडा २९ च्या वर गेला तर बल्ब कमी वॅटचा लावा किंवा दिवा उंच करा. ते जमलं की मगच तिला आत सोडा.